झॉर्की-४ शिकताना: रोल भरण्यापासून निगेटिव्ह बघण्यापर्यंत

झॉर्की-४ हा जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा पहिल्यांदा हातात आला की वरची प्रत्येक चकती फिरवून बघावीशी वाटते. कृपा करून तसं करू नका. या कॅमेऱ्यात कुठली गोष्ट कशाच्या आधी करायची हे ठरलेलं असतं. तो क्रम मोडला तर पन्नास-साठ वर्षं नीट चाललेलं शटर एका झटक्यात अडकू शकतं. क्रम असा: आधी उजवीकडचा मोठा नॉब शेवटपर्यंत फिरवून शटर (फिल्मवर उजेड सोडणारे पडदे) चढवायचं, मग ते किती वेळ उघडं राहणार हे ठरवणारी स्पीडची चकती बदलायची, मग बटण दाबायचं. शटर चढवलेलं नसेल तर स्पीडच्या चकतीला हातही लावायचा नाही.

कारण समजलं की हा नियम लक्षात ठेवावा लागत नाही. स्पीडची चकती आतल्या यंत्रणेला थेट जोडलेली असते. शटर चढवताना ती फिरते आणि फोटो काढताना पुन्हा फिरते. चढवून झाल्यावरच तिची खूण खऱ्या जागी येते. त्याआधी चकती बदलली तर बाहेरचा आकडा एक सांगतो आणि आतली पिन भलत्याच ठिकाणी बसते. चकती बदलताना ती थोडी वर उचलायची, हव्या त्या आकड्यावर आणायची आणि खाली बसू द्यायची. फिरताना कुठे अडली तर जोर लावू नका, उलट्या दिशेने न्या. फोटो काढताना बोट चकतीला टेकलेलं नसावं, नाहीतर तिचा वेग अडतो आणि फोटो बिघडतो.

नवख्याने याच कॅमेऱ्यापासून का सुरुवात करावी, तेही सांगतो. झॉर्की-४ मॉस्कोच्या शेजारच्या क्रास्नोगोर्स्क शहरातल्या केएमझेड या कारखान्यात १९५६ ते १९७३ या काळात बनत होता. एकूण सतरा लाखांच्या वर नग बाहेर पडले, म्हणून तो आजही सापडतो. याचं मूळ लायका या जर्मन कॅमेऱ्यात आहे. लायकाच्या धर्तीवर युक्रेनमधल्या खारकीव्हला १९३४ पासून फेड नावाचा कॅमेरा बनू लागला आणि महायुद्धानंतर त्याच आराखड्यावर क्रास्नोगोर्स्कला झॉर्की सुरू झाला. म्हणून याच्या लेन्सचा ३९ मिलिमीटरचा आट्यांचा माउंट जुन्या लायकाच्या लेन्सनाही चालतो. पण नवख्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. याला बॅटरी लागत नाही. मागचं झाकण तळासकट पूर्ण निघतं, त्यामुळे रोल भरताना सगळं डोळ्यांसमोर दिसतं. आणि व्ह्यूफाइंडर मोठा आहे, फ्रेम आणि फोकस दोन्ही त्याच एका खिडकीतून बघता येतात.

तुमचा कॅमेरा कुठल्या सालचा आहे हे बहुतेक वेळा त्याच्या नंबरावरूनच कळतं. नंबराचे पहिले दोन आकडे म्हणजे साल. ६२ ने सुरू होत असेल तर १९६२ चा. याचा उपयोगही आहे: सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर स्पीडचे आकडे २५, ५०, १०० असे असतात, नंतरच्यांवर ३०, ६०, १२५. २५० आणि ५०० मात्र दोन्हींवर सारखेच, आणि आपलं उन्हातलं बरंचसं काम तिथेच होतं.

रोल भरण्याआधीची तपासणी

रोल महाग आहे, म्हणून रिकाम्या कॅमेऱ्यावर अर्धा तास घालवा. मागचं झाकण काढून ठेवा, लेन्स आट्यांवरून फिरवून काढा आणि शटर चढवा. १/५०० पासून सुरुवात करून एकेक स्पीड खाली येत कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरून मागून बघा. प्रत्येक वेळी प्रकाशाचा पूर्ण आयत दिसला पाहिजे. एका बाजूला काळी पट्टी राहत असेल तर शटरचे दोन पडदे एकमेकांना गाठताहेत, म्हणजे यंत्राला साफसफाई आणि तेलपाणी हवं. १ सेकंदावर शटर उघडल्यावर आतल्या चाकांची घरघर ऐकू येते आणि मग ते बंद होतं. अर्ध्यावर थांबत असेल तर सावकाश स्पीड सध्या विसरा, बाकी कॅमेरा वापरता येतो. पुढच्या बाजूचा सेल्फ टायमर मात्र जुन्या कॅमेऱ्यात वापरूच नये असं माझं मत आहे. तो अर्ध्यात अडकला तर शटरही अडकून पडतं.

पडदे रबराचा थर दिलेल्या कापडाचे असतात. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून, पुढून मोबाईलचा टॉर्च मारा आणि मागून बघा. कापडातून सुईच्या टोकाएवढा जरी उजेड आला तरी प्रत्येक फोटोवर त्याचा ठिपका उमटणार.

यातूनच एक सवय लावून घ्या. झॉर्कीसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात (खिडकीतली दोन चित्रं एकावर एक आणून फोकस करायचा कॅमेरा) आरसा नसतो, लेन्सच्या मागे थेट कापडाचा पडदा असतो. लेन्स अनंतावर, म्हणजे फोकसच्या सगळ्यात दूरच्या खुणेवर, ठेवून कॅमेरा उन्हात तोंड वर करून टेबलावर ठेवला तर भिंगाने कागद जळतो तसा पडदा जळून भोक पडतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात याला फार वेळ लागत नाही. म्हणून वापरात नसताना लेन्सवर टोपण. पण टोपणाचा दुसरा धोका असा की व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही. टोपण लावलेलं असलं तरी आत चित्र लख्ख दिसतं, बटण दाबलं जातं आणि रोल कोरा निघतो. डोळ्याला कॅमेरा लावण्याआधी बोटाने लेन्सची कड चाचपायची, बघायचीही गरज नाही.

लेन्समधून टॉर्च धरून बघितल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटो येतात, मधोमध पसरली असेल तर लेन्स साफ करून घ्या. बहुतेक झॉर्की-४ बरोबर ज्युपिटर-८ ही ५० मिलिमीटरची एफ २ लेन्स येते, काहींवर इंडस्टार-५० असते, तिचं सगळ्यात मोठं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ३.५. ज्युपिटर मिळाली तर उत्तम. तिचा आराखडा झाइस या जर्मन कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या सोनार लेन्सवरून घेतलेला आहे. एफ २ ला ती माणसांचे चेहरे फार मऊ आणि सुंदर देते, आणि एफ ८ ला सगळं काटेकोर.

रोल भरणं

हे काम सावकाश शिका. नवख्यांचे जे रोल वाया जातात त्यांतले बरेचसे इथेच जातात, काढलेल्या फोटोंत काही चुकलेलं नसतं. पहिल्यांदा एक जुना, मुदत संपलेला रोल बळी द्या. घरच्या एखाद्या ड्रॉवरमध्ये उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू निघाली तर तीही चालेल, सरावाला फिल्म कुठलीही असो. हाच रोल झाकण उघडं ठेवून पाच-सहा वेळा भरा, पुढे ढकला, परत गुंडाळा. फिल्म ओढणारे दात कसे फिरतात, फिल्म कुठे सैल पडते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की नंतर झाकण बंद असतानाही आत काय चाललंय ते हाताला कळतं.

खरा रोल भरायला सावलीत बसा. तळाला दोन्ही टोकांना दोन कड्या असतात. त्या उभ्या करा, अर्धा फेरा फिरवा आणि मागचं झाकण तळासकट खाली सरकवून काढा. उजव्या बाजूला जो स्पूल दिसतो तो सुटा असतो आणि कॅमेरा उलटा केला की पडतो. तो हरवला तर कॅमेरा निरुपयोगी, म्हणून मांडीवर रुमाल पसरून बसलेलं बरं. आता शटरच्या बटणाभोवतीची कडी बघा. ती वर असली पाहिजे. ती खाली दाबून अडकवलेली राहिली असेल तर दात मोकळे फिरतात आणि फिल्म पुढे जात नाही. मागच्या रोलनंतर ही कडी वर करायची राहून जाणं फार सोपं आहे.

रोलच्या डब्याचं एक टोक बाहेर आलेलं असतं, ते खाली येईल असं धरा. फिल्मची जीभ चार-पाच इंच बाहेर ओढा. उजवीकडचा स्पूल बाहेर काढा आणि जिभेचं टोक त्याच्या फटीत, पट्टीच्या खाली, सरळ घुसवा. तिरकं गेलं तर फिल्म एका बाजूला चढत जाते आणि दहा-बारा फोटोंनंतर अडते. टोक नीट बसलं की स्पूलला एक वेढा द्या आणि हलकेच ओढून बघा, सुटता कामा नये.

मग डबा डावीकडे आणि स्पूल उजवीकडे, दोन्ही एकदमच आत बसवा. डाव्या वरच्या दांड्याचा काटा डब्याच्या वरच्या पोकळीत गेला पाहिजे. जात नसेल तर वरचा डावा नॉब किंचित इकडे-तिकडे फिरवा, काटा आपोआप खोबणीत बसतो. फिल्म लेन्समागच्या चौकटीवर सपाट असायला हवी आणि कडेची भोकं दातांवर. फिल्मची चकचकीत बाजू तुमच्याकडे, मंद बाजू लेन्सकडे. उलटी दिसली तर डबाच उलटा बसला आहे.

झाकण लावायच्या आधी नॉब फिरवून शटर चढवा आणि नीट बघा: दात भोकांत बसून फिल्म ओढताहेत का, स्पूल घट्ट गुंडाळतोय का. नसेल तर पुन्हा काढा आणि पुन्हा लावा, यात लाज नाही. सगळं ठीक असेल तर झाकण खोबणीतून सरकवा, दोन्ही कड्या उलट्या फिरवून आडव्या पाडा.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण. डावा नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा, फिल्मचा सैलपणा निघून बोटाला ताण जाणवेपर्यंतच. मग बटण दाबा आणि उजवा नॉब पुढे फिरवा. त्याच वेळी डावा नॉब उलट दिशेने फिरला पाहिजे. तो फिरतोय म्हणजे फिल्म डब्यातून निघतेय. अशा दोन कोऱ्या फ्रेम काढा, कारण भरताना उजेड लागलेला भाग पुढे जायला हवा. मग उजव्या नॉबवरची आकड्यांची चकती हाताने शून्यावर आणा, ती आपोआप शून्यावर येत नाही. आणि हे पहिल्या दोन फ्रेमपुरतं नाही. पूर्ण रोल संपेपर्यंत दर फोटोनंतर नॉब फिरवताना नजर एकदा डाव्या नॉबवर टाकायची. तो हलायचा थांबला तर तिथेच थांबायचं.

रोल कुठला घ्यावा? पहिला रोल आयएसओ २०० किंवा ४०० चा निगेटिव्ह घ्या (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा). रंगीत हवा तर कोडॅक गोल्ड २००, कृष्णधवल हवा तर इलफर्ड एचपी५ किंवा केंटमिअर ४००. स्लाइड फिल्म शिकताना घेऊ नका, तिला प्रकाशाची अर्ध्या स्टॉपची चूकही खपत नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्मला जास्त प्रकाश पडला तर ती तो पचवते, कमी पडलेला मात्र नाही. शंका असेल तर ॲपर्चर एक स्टॉप मोकळं करा.

उजेड मोजणं

कॅमेऱ्यात मीटर नाही. मोबाईलवर लाइट मीटरची ॲप मिळतात आणि ती वापरायला काहीच हरकत नाही, पण पहिले काही रोल डोळ्याने अंदाज करून मग ॲपशी ताडून बघा. जुना नियम असा: लख्ख उन्हात एफ १६ ठेवा आणि स्पीड फिल्मच्या आयएसओच्या जवळचा. आयएसओ २०० असेल तर १/२५०, ४०० असेल तर १/५००. ऊन विरळ ढगाआडून येत असेल तर एफ ११. आभाळ भरलेलं पण उजळ असेल तर एफ ८. पावसाळ्यातलं काळं आभाळ असेल तर एफ ५.६. उन्हाच्या दिवशी इमारतीच्या किंवा झाडाच्या सावलीत असाल तर एफ ४ ते एफ ५.६. ॲपर्चरचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि उजेड जास्त, आणि १६, ११, ८, ५.६, ४, २.८, २ या ओळीत प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट होतो. स्पीडमध्येही तसंच, १/२५० वरून १/१२५ वर आलं की उजेड दुप्पट.

म्हणजे एकदा जोडी ठरली की तिला हलवता येतं. आयएसओ २०० ला उन्हात १/२५० आणि एफ १६ हे जे, तेच १/५०० आणि एफ ११. १/१००० चकतीवर आहे, पण जुन्या शटरमध्ये तो क्वचितच खरा असतो. मी तो टाळतो.

आपल्याकडचं ऊन दुपारी बारा वाजता वरून पडतं आणि चेहरे काळे येतात. पंढरीच्या वाटेवर पांढऱ्या टोपीखालचा वारकऱ्याचा चेहरा घ्यायचा असेल तर एफ १६ चा नियम टोपीला बरोबर बसेल, डोळे मात्र काळ्या खड्ड्यांसारखे येतील. चेहऱ्यासाठी एक किंवा दोन स्टॉप जास्त द्या, एफ ११ किंवा एफ ८. टोपी थोडी जास्त उजळेल, निगेटिव्ह ते झेलतं. पुण्यात तुळशीबागेच्या आतल्या छपराखालच्या गल्लीत शिरलात तर भर दुपारीही उजेड एकदम घसरतो. तिथे आयएसओ ४०० असूनही एफ २.८ आणि १/६० पर्यंत यावं लागतं. रस्त्यावर ठेवलेली जोडी तशीच घेऊन आत गेलं की रोलमध्ये चार-पाच कोऱ्या फ्रेम ठरलेल्या. आत-बाहेर होताना आधी शटर चढवायचं, मग चकती, हा क्रम तिथेही तोच.

हाताने धरून १/५० किंवा १/६० च्या खाली जायचं असेल तर कोपर अंगाशी, पाठ भिंतीला, आणि बटण दाबताना अर्धा श्वास सोडून थांबा. बटणावर झटका देऊ नका, बोट हळूहळू दाबत न्या.

फोकस

व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक फिकट रंगाचा ठिपका असतो. त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. लेन्सची कडी फिरवली की दुसरं चित्र आडवं सरकतं, आणि दोन्ही एकावर एक बसली की फोकस झाला. यासाठी उभी रेघ शोधा: दाराची चौकट, विजेचा खांब, नाकाची कड, शर्टाच्या बटणांची पट्टी. चित्र आडवं सरकत असल्यामुळे आडव्या रेघेवर काही कळत नाही. कॅमेरा उभा धरला की उलट होतं, तेव्हा आडवी रेघ शोधायची, भुवया किंवा खिडकीचा उंबरठा. माणसाचा फोटो असेल तर कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर.

ठिपका धूसर दिसत असेल तर आधी डाव्या नॉबखालची छोटी दांडी सरकवा. ती डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवते. चष्मा लावून बघत असाल तर आयपीसची (डोळा लावायच्या खिडकीची) धातूची कड काचेवर ओरखडे पाडते. कडेवर पातळ नमदा किंवा कापडी चिकटपट्टी गोल कापून लावून टाका, पहिल्याच दिवशी. आणि पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात, त्यांतल्या एकीवर बोट आलं तर दुसरं चित्र गायब होतं. ठिपका दिसत नाही म्हणून कॅमेरा बिघडला असं समजण्याआधी बोटं बघा.

रेंजफाइंडर जुळलेला आहे का हे बघायचं तर दूरचा मोबाईल टॉवर किंवा रात्री चंद्र निवडा, लेन्स अनंतावर लावा. दोन चंद्र एकावर एक बसले पाहिजेत. शेजारी-शेजारी राहत असतील तर कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. घरी करायचं असेल तर जुळवणीचा स्क्रू केसभरच फिरवायचा असतो, जास्त नाही.

ज्युपिटर-८ एक मीटरच्या आत फोकस करत नाही. एक मीटरवर एफ २ ला जेमतेम पाच सेंटिमीटर खोली धारदार येते, म्हणजे डोळे स्पष्ट आणि कान धूसर. हे सुंदर असतं, पण समोरच्याला आणि तुम्हालाही स्थिर राहावं लागतं. शिवाय इतक्या जवळून व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर आणि डावीकडे असल्याचा फरक पडतो. लेन्सला जे दिसतं ते थोडं खालचं आणि उजवीकडचं. म्हणून जवळचा चेहरा घेताना डोक्यावर जागा सोडा.

रस्त्यावर, जत्रेत, मुलं पळत असताना ठिपका जुळवत बसायला वेळ नसतो. तेव्हा मी एफ ११ ठेवतो आणि लेन्स पाच मीटरवर. मग साधारण तीन मीटरपासून चौदा मीटरपर्यंत सगळं पुरेसं धारदार येतं. एफ ८ केलं तर तीन-साडेतीन ते साडेनऊ मीटर. लेन्सच्या नळीवर यासाठीच दोन्ही बाजूंना ॲपर्चरचे आकडे कोरलेले असतात. मुलं तीन मीटरच्या आत आली की एक पाऊल मागे घ्यायचं आणि बटण दाबायचं. रेंजफाइंडरची खरी मजा मला इथे येते. फोटोच्या क्षणी आरसा वर जाऊन डोळ्यासमोर अंधार होत नाही, त्यामुळे मूल हसलं की नाही हे तुम्हाला बटण दाबतानाही दिसत असतं.

रोल काढणं

छत्तिसाव्या फोटोनंतर उजवा नॉब मधेच घट्ट होतो. शेवटची एक फ्रेम मिळेल म्हणून जोर लावू नका. दातांनी भोकं फाटतात आणि फिल्म डब्यातून सुटून येते. बटणाभोवतीची कडी खाली दाबून थोडी फिरवा म्हणजे ती खालीच अडकून राहील, आणि डावा नॉब बाणाच्या दिशेने फिरवत राहा. हे बराच वेळ चालतं. घाई केली तर कोरड्या हवेत फिल्मवर विजेच्या ठिणग्यांच्या खुणा उमटतात, म्हणून सावकाश. शेवटी एकदम ताण येतो, जीभ स्पूलमधून सुटल्याचं हाताला कळतं आणि नॉब हलका फिरू लागतो. त्यानंतरही चार-पाच फेरे द्या, मगच झाकण उघडा. मग कडी वर करा, लगेच.

डब्यावर पेनने तारीख आणि आयएसओ लिहा. काढलेला रोल आणि नवा रोल पिशवीत एकत्र असले की गोंधळ होतो.

मधेच काही अडलं, फिल्म फाटली, तर उजेडात उघडू नका. रात्री खिडकी नसलेल्या न्हाणीघरात, दाराच्या फटीला टॉवेल लावून, जाड रजईखाली हात घालून उघडा आणि फिल्म काळ्या, उजेड न येणाऱ्या डबीत गुंडाळून बंद करा. लॅबवाल्याला सांगा, सुटी फिल्म आहे, उजेडात डबी उघडू नका.

विमानाने जाणार असाल तर रोल चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथले एक्स-रे फार तीव्र असतात. हातातल्या बॅगेत ठेवा आणि सुरक्षा तपासणीला हाताने बघायची नम्रपणे विनंती करा, विशेषतः जिथे सीटी स्कॅनर बसवलेत तिथे.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर म्हणजे बुरशीला मोकळं रान. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून प्रत्येक स्पीडवर दोनदा शटर सोडायचं. यंत्राला हालचाल लागते. डब्यात ठेवताना शटर चढवलेलं नसावं.

धुतलेला रोल वाचणं

लॅबकडून स्कॅन मिळतातच, पण निगेटिव्ह मागून घ्या. नवख्याला शिकवणारा खरा कागद तोच. पट्टी खिडकीसमोर धरा आणि आधी कडेचे छापलेले आकडे बघा. आकडे स्पष्ट आहेत पण फ्रेम एकही नाही, तर फिल्म जागची हललीच नाही किंवा टोपण लावलेलं राहिलं. डावा नॉब बघितला होता का, हा प्रश्न स्वतःला विचारा. पट्टी पूर्ण काळी असेल तर फिल्मला भरपूर उजेड लागला, बहुधा झाकण मधे उघडलं गेलं किंवा कड्या पूर्ण फिरल्या नाहीत.

फ्रेम पातळ, जवळजवळ पारदर्शक असतील तर प्रकाश कमी पडला. सगळ्याच तशा असतील तर पुढच्या रोलला सरळ एक स्टॉप जास्त द्या. एखाद-दोन असतील तर त्या कुठे काढल्या ते आठवा, बहुतेक सावलीत किंवा आत. फ्रेम एकमेकींवर चढलेल्या असतील तर नॉब शेवटपर्यंत फिरवला जात नाही किंवा यंत्रणा घसरतेय. आधी हाताची सवय तपासा.

प्रत्येक फ्रेमच्या एकाच जागी छोटा काळा ठिपका येत असेल, आणि प्रिंटमध्ये तो पांढरा दिसत असेल, तर पडद्याला भोक आहे. काळा फॅब्रिक पेंट किंवा पातळ लिक्विड रबर बारीक ब्रशने लावून ते बुजवता येतं. लेन्स काढून, पडद्याला कमीत कमी ताण देत, एक पातळ थर द्यायचा आणि पूर्ण सुकेपर्यंत शटर चढवायचं नाही. जाड थर दिला तर पडदा गुंडाळताना चिकटतो. मग टॉर्च लावून पुन्हा बघा. भोकं दोन-चारहून जास्त दिसली तर बुजवत बसू नका, नवे पडदे बसवून घ्या. रशियन कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हे काम ठाऊक असतं.